बाग कोणाची? हिवऱ्यापासून मंडईपर्यंत

(ओझर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

ओझरला येऊन भाजी कशी पिकवावी हे सांगायचं म्हणजे सोनारापुढे सोन्याची पारख सांगण्यासारखं आहे. समोर कुकडीचं पाणी, पलीकडे नारायणगावचा टोमॅटोचा बाजार. तेव्हा कसं पिकवावं हे मी सांगणार नाही. वस्ती दाट झाली, जमिनीला भाव आला की तिथे अन्न पिकवायचा हक्क कोणाकडे उरतो, एवढंच आज बघू. विघ्नहराच्या दर्शनाला येणारी गर्दी वाढते, लॉज होतात, प्लॉट पडतात. तेव्हा हा प्रश्न काही फक्त पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही.

सुरुवात आपल्याच भागातून करू. अलेक्झांडर गिब्सन नावाचा कंपनी सरकारचा एक डॉक्टर होता. १८३८ पासून दापोडीची सरकारी वनस्पती-बाग त्याच्या ताब्यात होती आणि तिची एक शाखा आपल्या हिवऱ्याला. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तिथे लावायच्या, परदेशी बियाणं इथल्या मातीत येतं का ते बघायचं, असं काम चाले. जुन्नर-खेड भागात बटाटा पसरवण्यात या गिब्सनचा हात होता. उपासाची बटाट्याची भाजी खाताना त्याची आठवण काढायला हरकत नाही! पुढे १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दापोडीच्या बागेतल्या झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली होती, ती आज एडिंबरोला आहेत. काढणारा चित्रकार इथलाच, पोर्तुगीज-भारतीय, पण चित्रांसोबत त्याचं नाव काही टिकलं नाही. खणणाऱ्या, पाणी देणाऱ्या माणसांचं तर सोडाच. बाग सरकारची होती. सरकारचं लक्ष उडालं, बाग संपली.

आता पुण्याकडे वळू, कारण शहरातल्या बागांचं काय होतं ते तिथे नावांवरूनच वाचता येतं. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून जमिनीखालच्या बांधीव नळातून पाणी आणलं, ते शहरातल्या हौदांत पडायचं. पाणी आलं तशा बागा फुलल्या. तुळशीबागेच्या जागी खासगीवाल्यांची बाग होती. आज तिथे कानातलं मिळतं, भांडी मिळतात, तुळशीचं रोप मात्र शोधावं लागेल.

पण या सरदारांच्या बागा. माझ्या मते शहराचं खरं पोट दुसरीकडे होतं, घरामागच्या परसात. परसबाग हा शब्द आपण हल्ली सरकारी योजनांच्या फलकावर वाचतो, पण ती एक चोख व्यवस्था होती. न्हाणीचं पाणी पन्हळातून मागे जायचं, ते अळवाला आणि केळीला. भांडी घासायची राख, भाजीची देठं झाडांच्या बुडाशी. मांडवावर दोडका, पडवळ. कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता. ही बाग घरातल्या बायकांच्या हातात असायची, म्हणून दप्तरांत तिची नोंद फारशी सापडत नाही. इतिहास सातबाऱ्यावर लिहिला जातो, अळवाच्या फतफत्यावर नाही.

शहराचा मैलाही शेतात जायचा. एकोणिसाव्या शतकात पुणे नगरपालिका मैल्यात राख, केरकचरा मिसळून खत करायची. आपल्याकडे त्याला नाव काय दिलंय बघा : सोनखत! मुठेचा कालवा आल्यावर शहराजवळच्या उसाच्या मळ्यांत ते खपू लागलं. मात्र याचं गुणगान करताना जरा थांबावं लागतं. तो मैला ठराविक जातींच्या माणसांनी डोक्यावरून वाहिला. सोनं शेतात गेलं, विटाळ त्यांच्या वाट्याला आला. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि आता मंडई. आधी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भाजीवाले बसायचे. नगरपालिकेनं मोठी मंडई बांधायचं ठरवलं. जोतीराव फुले स्वतः फुलमाळ्यांच्या घरातले, आडनावच फुलांवरून आलेलं, शिवाय १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद. शेतकऱ्याच्या मालासाठी इमारत होतेय म्हटल्यावर ते खूश व्हायला हवे होते, नाही का? त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा मुलांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. विरोध टिकला नाही. १८८६ मध्ये मंडई उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावानं. जागा कुठली? पुन्हा खासगीवाल्यांची बाग. आणि पुढे त्याच वास्तूला नाव मिळालं महात्मा फुले मंडई.

यात गंमत आहे, तसं दुखणंही आहे. बागेच्या जागी भाजीचं दुकान आलं, म्हणजे शहरानं पिकवायचं काम बाहेर ढकललं आणि खायचं तेवढं आत ठेवलं. हडपसर, मांजरी, पुढे आपलं जुन्नर, सगळे त्या शहराचं परस झाले. पण परसाला घरात जो मान असतो, तो काही मिळाला नाही. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आपल्याकडे, आणि बाजारभाव ठरणार वाशीला.

शहरात पिकवायचे प्रयत्न त्यानंतरही झाले. त्यातला एक सांगतो. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करायचे, एकमेकांना कळवायचे, ही त्यांची पद्धत. पालापाचोळा कुजवून माती तयार करायची त्यांची रीत मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर नेली, २००२ च्या सुमारास. स्वयंपाकघराचा ओला कचरा बाहेर पाठवायच्या ऐवजी वर न्यायचा, एवढंच. गच्चीवर फळझाडं आली, भाज्या आल्या. परसाचंच गणित हे, फक्त चार जिने चढून.

हे टिकतं कधी? ब्रिटनमध्ये १९०८ चा एक कायदा आहे. सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली, तर भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे देण्याचा विचार तिथल्या पालिकेला करावाच लागतो. नाही म्हणायचं तर कारण हवं. आपल्याकडे मोठ्या ले-आउटमध्ये साधारण १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. नकाशात ती हिरवी रंगवतात. प्रत्यक्षात पेव्हर ब्लॉक येतात, दोन बाकडी, एक लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप.

आता ओझरपुरतं. देवळात रोज दूर्वा आणि जास्वंद वाहिली जाते. त्याचं निर्माल्य, लॉजच्या खानावळींचा ओला कचरा, हे खत झालं. पाणी समोर आहेच. हाताला सवय आहे. राहिली जागा. येत्या ग्रामसभेत एखाद्या ताईंनी एवढंच विचारावं : नव्या प्लॉटिंगमधली खुली जागा कागदावर कोणाच्या नावे आहे, आणि तिथे दोडक्याचा मांडव घालायचा तर अर्ज कोणाकडे करायचा? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या वेळी मी आलो की ते वाचूनच सुरुवात करू.