टाकी टिकते, बादली तडकते : प्लास्टिकमधील साखळ्यांची शिस्त

उजनीच्या पाण्यावर तहान भागवणाऱ्या सोलापूरकरांनी काही दिवसांआड येणाऱ्या नळाचा हिशेब वर्षानुवर्षे सांभाळला आहे. त्यामुळे गच्चीवरची काळी टाकी, न्हाणीघरातील पिंप, बादल्या आणि बाटल्या हा येथील संसाराचाच भाग झाला. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हात टाकी वर्षानुवर्षे उभी राहते. बादली मात्र एखाद्या दुपारी हलक्या धक्क्यानेही तडकते. दोन्ही प्लास्टिकच. मग फरक कशाचा? जाडीचा आणि रंगाचा तो आहेच. पण त्याहून अधिक तो रेणूंच्या मांडणीचा आहे.

टाकी आणि पिंप ज्यापासून बनते ते पॉलिइथिलीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची लांबच लांब साखळी. एकेका साखळीत हजारो कार्बन अणू असतात. वितळलेल्या अवस्थेत या साखळ्या सुताच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. पदार्थ थंड होऊ लागला की त्यांचे काही भाग सरळ होऊन शेजारी शेजारी रचले जातात आणि स्फटिक तयार होतात. अँड्र्यू केलर या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये ब्रिस्टल येथे दाखवून दिले, की सोलापुरी चादरीची घडी घालावी तशी साखळी स्वतःवरच पुन्हा पुन्हा दुमडते आणि तिची सुमारे दहा नॅनोमीटर जाडीची पातळ पत्री बनते. गुंता मात्र पूर्ण सुटत नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये अस्ताव्यस्त भाग उरतोच. म्हणूनच कोणतेही व्यवहारातील प्लास्टिक शंभर टक्के स्फटिकमय नसते.

ही घडी किती नीट बसणार, हे साखळीच्या आकारावर ठरते. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत १९३३ मध्ये प्रचंड दाबाखाली प्रथम मिळालेल्या पॉलिइथिलीनच्या साखळीला जागोजागी फांद्या होत्या. फांद्या आल्या की घडी विस्कटते. परिणामी हे प्लास्टिक मऊ, लवचिक आणि सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळणारे. दुधाच्या पिशवीचा मऊपणा याच कुळातला. जर्मनीत कार्ल झीगलर यांनी १९५३ मध्ये नवे उत्प्रेरक वापरून जवळजवळ सरळ साखळ्या मिळवल्या. त्या दाटीवाटीने बसतात, अधिक ताठ पदार्थ देतात आणि तो १३० अंशांच्या आसपास वितळतो. इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांनी पुढच्याच वर्षी पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीवरील सर्व बाजूगट एकाच दिशेला बसवले. हेच गट वाटेल तसे बसले असते, तर हाती चिकट, मऊ गोळा आला असता. शिस्तीने बसल्यामुळे खुर्च्या आणि बादल्या करता येतील असा कणखर पदार्थ मिळाला. झीगलर आणि नाट्टा यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तेव्हा स्फटिक जितके अधिक तितकी वस्तू चांगली, असे वाटणे स्वाभाविक आहे. टाकीच्या बाबतीत ते खरे नाही. स्फटिक ताठपणा देतात. चिवटपणा मात्र एका पत्रीतून निघून दुसऱ्या पत्रीत शिरणाऱ्या साखळ्यांमुळे येतो. विटा आणि त्यांना धरून ठेवणारा चुना, असेच हे नाते. टाक्यांसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या पॉलिइथिलीनमध्ये ब्युटिन किंवा हेक्झिन मिसळून साखळीला आखूड फांद्या मुद्दाम जोडल्या जातात. फांदी स्फटिकात सहसा मावत नाही. त्यामुळे साखळी बाहेर पडते आणि शेजारच्या पत्रीला बांधली जाते. पाणीपुरवठ्याच्या उच्च दर्जाच्या पॉलिइथिलीन नळांतही सतत दाबाखाली हळूहळू वाढणारी भेग रोखण्यासाठी हीच युक्ती योजतात.

ऊन घाला घालते ते नेमके याच दुव्यांवर. प्राणवायू स्फटिकात शिरू शकत नाही, मधल्या अस्ताव्यस्त भागात सहज शिरतो. अतिनील किरणे आणि प्राणवायू मिळून तेथील साखळ्या तोडतात. तुटलेले आखूड तुकडे मोकळे होऊन स्फटिकांत जाऊन बसतात. म्हणजे स्फटिकांचे प्रमाण उलट वाढते, पृष्ठभाग आकसतो आणि बारीक चिरा पडतात. जुनी बादली हाताला अधिक कडक लागते आणि तरीही चटकन फुटते, ती यामुळे. टाकीचा काळा रंग म्हणजे काजळी. ती किरणे शोषून घेते. काळ्या नळांत ती दोन ते तीन टक्के असते. टाक्यांसाठी आयएस १२७०१ हे भारतीय मानक आहे. खरेदी करताना ते पाहणे अगत्याचे.

पाण्याच्या बाटलीची गोष्ट थोडी निराळी. तिच्या पीईटीची साखळी ताठर असल्याने स्फटिकीकरण मंद असते. साचा झटपट थंड केला की काचेसारखी पारदर्शक नळी मिळते. ती पुन्हा तापवून, ताणून, हवेने फुगवली की साखळ्या ताणाच्या दिशेने रांगेत येतात. सुमारे ७५ अंशांच्या पुढे या ताणलेल्या साखळ्या पुन्हा आकसू पाहतात. साध्या बाटलीत उकळते पाणी ओतल्यावर ती वाकडी होते ती यामुळेच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अतिदीर्घ साखळ्यांच्या, पण गुंता अत्यल्प असलेल्या पॉलिइथिलीनवर संशोधन झाले आहे. गुंता कमी म्हणजे साखळ्या ताणून एका दिशेने रचणे सोपे.

भंगारातून बनणाऱ्या स्वस्त बादलीत याच्या नेमके उलट घडते. साखळ्या आधीच्या वापरात तुटून आखूड झालेल्या असतात. शिवाय पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन एकत्र वितळवले तरी त्यांचे स्फटिक वेगवेगळेच बनतात. दोहोंना बांधणारे दुवे फारसे नसतात आणि भेग त्याच सीमेवरून धावते.