रान सोडवण्याचा हिशोब

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. शहरातल्या माणसाची नजर त्यावरून घसरून जाते, शेतकऱ्याची मात्र तिथंच अडकते. जमीन कुणाच्या नावावर आहे हे एका बाजूला लिहिलेलं असतं, पण तिच्यावर आणखी कुणाचा हात आहे हे या रकान्यात कळतं. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, गहाण, सगळं इथंच. आमच्या करवीर तालुक्यात सोयरीक जमवायला आलेले पाहुणेसुद्धा चहा पिता पिता हळूच विचारायचे, "रान कोरं हाय न्हवं?" कोरं म्हणजे या रकान्यात काही लिहिलेलं नसलेलं.

गहाणाचे प्रकार गावाला कायद्याच्या पुस्तकातून कळले नाहीत, भोगून कळले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्यांची नावं आहेत, पण गावात आपली नावं चालतात. नजरगहाणात जमीन आपल्याच ताब्यात राहते, फक्त कागद सावकाराकडं. कब्जेगहाणात जमीनच त्याच्या ताब्यात जाते आणि व्याजाच्या बदल्यात पीक तो खातो. मुदतखरेदीत कागदच विक्रीचा होतो. ठरल्या मुदतीत पैसे दिले तर रान परत, नाहीतर विक्री पक्की. यातलं तिसरं सगळ्यात वाईट, असं सगळेच म्हणतात. माझ्या आज्जीचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "मुदतखरेदी एका दिवसात मारती. कब्जेगहाण रोज जेवतं आपल्याच ताटातलं."

तिच्या म्हणण्यात हिशोब होता. कब्जेगहाणात व्याज दिसत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण पीक जातं ते व्याजापोटी, मुद्दल जिथल्या तिथं. दहा वर्षं गेली तरी पंधराशेचे पंधराशेच. आणि ते फेडायचे ते एकदम. यंदा दोनशे, पुढच्या वर्षी तीनशे, असे हप्ते घ्यायचं बंधन समोरच्यावर नसतं; अर्धे पैसे दिले म्हणून अर्धं रान सुटत नाही. म्हणजे ज्याच्याकडं रोजच्या मिठाला पैसा नाही, त्यानं वर्षानुवर्षं पैसा साठवायचा, आणि त्या सगळ्या वर्षांत घरात कुणी आजारी पडायचं नाही, बैल मरायचा नाही, भिंत पडायची नाही. असं घर कुठं असतं?

कर्जाचा इतिहास सांगताना आपण सावकाराचं व्याज सांगतो. ते खरंच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य राग सावकाराच्या दप्तरावर होता. जिथं जिथं दंगा पसरला तिथं लोक कर्जरोखे मागून घेत आणि जाळत. कारण मूळ कर्ज लहान असायचं. दर दोन-तीन वर्षांनी जुना कागद मोडून व्याजासकट नवा व्हायचा, आणि त्यातच मधल्या अडचणीची नवी उचल मिसळायची. पुढं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाला कागदाच्या मागं जाऊन खरा व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला. पण तो कायदा पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. कोल्हापूर संस्थान त्याच्या बाहेर.

कोल्हापूरची वाट निराळी. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाला हक्काचा बाजार मिळाला. भोगावतीवर राधानगरीचं धरण त्यांनी हाती घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. पाणी आलं तसा ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली. पण गुळाचा पैसा वर्षातून एकदा. गुऱ्हाळ पेटायच्या आधीच शेतकरी अडत्याकडून उचल घ्यायचा, आणि पट्टी व्हायची तेव्हा अडत, हमाली, तोलाई आणि उचल वजा होऊन हातात येईल ते आपलं. वर्षाचा खर्च एका पट्टीवर. मधे काही निघालं की पुन्हा अडत्या, नाहीतर सावकार.

सहकार होता की, असं कुणी म्हणेल. १९०४ साली ब्रिटिश मुलखात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि शाहू महाराजांच्या हयातीतच संस्थानातही सहकार रुजू लागला. तरी रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले सहकारी संस्थांचे जेमतेम तीन निघाले. सावकारांचे सत्तरच्या आसपास. सोसायटी वाढली ती त्यानंतर. आणि वाढली तरी ती पैसे द्यायची पिकाला: बियाण्याला, खताला, लागणीला. बैल मेला, बाळंतपण अडलं, म्हातारं गेलं, याला सोसायटीत रकाना नव्हता. नेमके घराचे हे खर्चच माणसाला सावकाराच्या दारात न्यायचे.

आमचं रान असंच गेलं. १९५७ साली थोरल्या आत्याचं लग्न ठरलं आणि त्याच पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली. आज्जानं नदीकाठची तीस गुंठे मळी गावातल्याच एका बागायतदाराकडं पंधराशे रुपयांत कब्जेगहाण दिली. मुदत वीस वर्षं. माणूस वाईट नव्हता. कागदात एक अक्षर जास्त घातलं नाही त्यानं. पण सोन्यासारखी मळी होती ती, आणि आम्ही तिच्यात मजुरीनं भांगलायला जायचो. आई खुरपं घेऊन बांधावर उभी राहिली की आधी वाकून मातीला हात लावायची, मग पातीला लागायची.

आज्जानं दोनदा पैसे साठवले. पहिल्यांदा निम्म्याच्या वर जमले होते. ऐन पेरणीत बैल दगावला, आणि बैलाशिवाय उरलेलं रानही पडून राहिलं असतं. पैसे बैलात गेले. दुसऱ्यांदा धाकट्या चुलत्याचं दुखणं निघालं, मिरजेला दीड महिना काढावा लागला. चुलता बरा झाला, गाठोडं रिकामं झालं. आज्जा पुन्हा कधी साठवायला बसला नाही. "माझ्या हातात पैसा ठरत न्हाई," म्हणायचा. गावही तेच म्हणायचं.

आज्जीला हे पटायचं नाही. पैसा ठरत नाही तो हाताच्या दोषानं नव्हे, एकाच गाठोड्यात सगळं ठेवल्यानं, असा तिचा सरळ हिशोब होता. रानाचा पैसा आणि अडीनडीचा पैसा एकत्र असला की अडनड आली की रानच मोडतं.

हा हिशोब खरा करून दाखवायला तिला साधन मिळालं ते दुधाचं. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ निघाला, ज्याला आज सगळे गोकुळ म्हणतात. आमच्या गावात दूध संस्था आली ती सत्तरच्या थोडं आधी. तोवर आमच्याकडं दूध विकणं कमीपणाचं मानायचे. आज्जीनं आपला साज सराफाकडं ठेवला आणि म्हैस आणली. त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता.

पण दुधाचं बिल दहा दिवसांनी यायचं. ही गोष्ट आज लहान वाटेल. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पैसा वर्षातून एकदा आला, त्या घरात तो महिन्यातून तीनदा येऊ लागला. पेंड वजा जाऊन वीस-पंचवीस रुपये हातात पडायचे. आज्जीनं नियम घातला. दुधाचा पैसा आधी उतरंडीतल्या मडक्यात, तो घराचा. मडक्यात दोनशे झाले की वरचा पैसा पोस्टात. गुळाच्या पट्टीतलं जे उरेल तेही पोस्टात, तो रानाचा. मडक्यातून काढले तर पुढची बिलं आधी मडकं भरायला, पोस्टात नंतर. पोस्टाचं पुस्तक माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या नावानं, पण ते असायचं आज्जीच्या ट्रंकेत. पोस्ट दोन कोसांवर. "लांब हाय त्येच बरं," ती म्हणायची. "रातच्याला उठून कुनी मोडत न्हाई."

अण्णांना हे हळू वाटायचं. मडक्यात पैसे नुसते पडून राहायचे, आणि तिकडं दर वर्षी मळीतला ऊस दुसऱ्याच्या गुऱ्हाळात जायचा. त्यांचं म्हणणं, सगळे एकत्र करू, राहिलेले हातउसने घेऊ आणि वर्षभर आधी रान सोडवू. आज्जीनं एकच विचारलं, "आनि सोडवल्यावर म्हस मेली तर? परत त्येच रान ठेवशील?" ही भीती उगाच नव्हती. गावात दोन घरांनी असं सोडवलेलं रान दोन वर्षांत पुन्हा गहाण टाकलेलं आम्ही पाहिलं होतं, तेही आधीपेक्षा जास्त रकमेला.

१९७३ साली आज्जा गेला. पोस्टात तेव्हा बाराशेच्या वर होते. भावकी जमली आणि दिवसाच्या जेवणाची गोष्ट निघाली. सगळं गाव सांगायचं, पै-पाहुणे, दोन गोडाचं. अण्णा थोरले, त्यांच्या तोंडून नकार निघेना. पोस्टाचं पुस्तक काढावं लागणार असं सगळ्यांनी धरलं होतं. आज्जी आतल्या खोलीत बसली होती. तिथूनच म्हणाली, "मडक्यात हाय तेवढ्यात करा. घरची आनि सख्खी. त्येंचं गावजेवान रान सुटल्यावर घालू." लोकांनी नावं ठेवली. नवऱ्याचे दिवससुद्धा धड घातले नाहीत म्हणून पाणवठ्यावर बाया बोलल्या. तिला ते कानावर येत होतं. तिनं उत्तर दिलं नाही.

१९७४ च्या गुळाच्या पट्टीनंतर पंधराशे पुरे झाले. मुदत संपायला अजून तीन वर्षं होती. इथं कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं नसतो, हे तेव्हा कळलं. गहाण सोडवायचा हक्क असतो तो रक्कम देणं झाल्यावर, म्हणजे मुदत भरल्यावर. त्याआधी पैसे घ्यायची सक्ती समोरच्यावर नाही. अण्णा पैसे घेऊन गेले, तर तो म्हणाला, "मुदत हाय की अजून. खोडवा उभा हाय माझा." चार खेपा झाल्या. शेवटी ठरलं की उभा खोडवा त्यानं न्यायचा, तुटून गेला की रान आमचं. आज्जीनं मान्य केलं. एका पिकासाठी तीन पिकं कशाला घालवायची? तालुक्याला जाऊन कागद झाला, मूळ गहाणखत परत हातात आलं, फेरफार धरला. कागदाचा, जाण्यायेण्याचा खर्च मडक्यातून.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७५ मध्ये, राज्य सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला. लहान शेतकरी, मजूर, कारागीर यांची सावकारी कर्जं रद्द. पारावर अण्णांची चेष्टा झाली: वर्षभर दम धरला असता तर फुकटात सुटलं असतं. अण्णा हसून म्हणायचे, "कायदा येनार हे म्हशीला म्हाईत नव्हतं." पण घरी त्यांनी आज्जीसमोर कागदावर मांडून दाखवलं होतं की मळीच्या एका वर्षाच्या गुळानं गहाणाच्या रकमेचा मोठा भाग भरून निघतो. थांबण्यालाही किंमत असते. ती कागदावर नसते एवढंच.

आज कब्जेगहाण क्वचित दिसतं. २०१४ च्या सावकारी कायद्यानं बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कब्जेगहाण केवळ तीस वर्षं उलटली म्हणून बुडत नाही. पण गहाण संपलेलं नाही, ते घरावर गेलं आहे. माझ्या पुतण्यानं कोल्हापुरात फ्लॅट घेतला. वीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता सतरा हजार साडेतीनशेच्या घरात, आणि पहिल्या हप्त्यातले चौदा हजार दीडशेच्या वर नुसतं व्याज. मुद्दलात पडले ते तीन हजार दोनशे. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेला रुपया सगळ्यात जास्त व्याज वाचवतो. आता सोयही आहे: बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच बँकांना बंदी केली, आणि थोडे थोडे भरले तरी बँक घेते. आज्जाला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

पण एक गोष्ट तशीच आहे. बँकेत भरलेला पैसा अडचणीला परत मागता येत नाही. मागितला तर तो नवं कर्ज होऊन येतो, जास्त व्याजाचं. पुतण्याला बोनस मिळाला तेव्हा तो सगळाच भरायला निघाला होता. मी त्याला मडक्याची गोष्ट सांगितली. त्यानं सहा हप्त्यांइतके बाजूला ठेवून उरलेले भरले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचावन्न फूट गाठले. गावातलं आमचं घर छातीइतक्या पाण्यात होतं. भिंती, धान्य, गोठा, सगळं त्या बाजूला ठेवलेल्या पैशातून उभं राहिलं आणि त्याचा एकही हप्ता चुकला नाही.

आज्जीनं गावजेवण घातलं ते १९७६ मध्ये. मळीतला पहिला गूळ शाहूपुरीत गेला आणि पट्टी आली तेव्हा. त्या दिवशीही दुधाचं बिल आलं होतं. पंगती उठल्यावर तिनं ते मोजलं आणि मडक्यात टाकलं.