मत्स्यशिशूंचा पहिला घास

काचेच्या पात्रात रंगीत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबांतही आता चांगला रुळला आहे. मासे विकत आणणे सोपे, ते जगवणेही फारसे अवघड नाही. परंतु त्यांची पिले वाढवणे मात्र कठीण, असा अनुभव बहुतेकांस येतो. मादी शेकडो अंडी घालते, ती फुटतात, पाण्यात केसाएवढी पिले दिसू लागतात, आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच पात्र रिते होते. अशा वेळी दोष पाण्यास, ऋतूस अथवा दैवास दिला जातो. खरे कारण पुष्कळदा उपासमार हेच असते. अन्न घातलेले नसते असे नव्हे; ते त्या पिलांच्या तोंडात मावत नाही. ही साधी गोष्ट उमगावयास माणसास किती सायास पडले, आणि उमगल्यावरही एकाच अन्नावर विसंबण्याचा मोह सुटावयास किती काळ गेला, याचा वृत्तांत वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम पिलाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या पोटाशी बलकाची एक लहानशी पिशवी असते. ही आईने बांधून दिलेली शिदोरी होय. उष्ण पाण्यातील अनेक जातींत ती थोड्याच दिवसांत संपते. ती संपत असतानाच तोंड व आतडे कामास लागतात, आणि पिलू शिकारी बनते. ते बहुधा हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालते. तेव्हा त्याचे अन्न तोंडात मावणारे, हलणारे आणि पोषक, असे तिन्ही असावे लागते. मलेरियाविरोधी मोहिमांमुळे आपल्या परिचयाचा झालेला गप्पी मासा जिवंत पिले देतो. ती जन्मतःच सहासात मिलिमीटर लांब असल्याने बारीक केलेले अन्न लगेच खाऊ शकतात. गुरामीसारख्या अंडी घालणाऱ्या माशांची पिले मात्र इतकी सूक्ष्म असतात, की डोळ्यांस दिसणारे बहुतेक अन्न त्यांस निरुपयोगीच असते.

या अडचणीचे सर्वांत भव्य उदाहरण नॉर्वे देशात घडले. तेथील दक्षिण किनाऱ्यावर फ्लोडेविगेन या ठिकाणी जी. एम. डॅनेविग यांनी १८८२ साली कॉड माशाचे उबवणी केंद्र स्थापन केले. समुद्रातील मासे कमी होत आहेत, तेव्हा अंडी उबवून ती तूट भरून काढावी, हा उदात्त हेतू. अंडी उत्तम फुटत. परंतु पिलांस वाढवण्याजोगे अन्न हाती नव्हते. म्हणून पोटाशी शिदोरी असतानाच कोट्यवधी पिले समुद्रात सोडून देण्यात येत. पुढे त्यांचे काय होते, याविषयी तेथील शास्त्रज्ञांत तीव्र वाद माजला, तरी ही प्रथा १९७१ पर्यंत चालू राहिली. याच वादातील एक पक्षकार योहान योर्ट यांनी १९१४ साली आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला. एखाद्या वर्षी जन्मलेल्या माशांची पिढी भरघोस की विरळ, हे तिच्या अगदी आरंभीच्या दिवसांतच ठरत असावे. बलक संपतेवेळी योग्य अन्न जवळ नसेल तर सबंध पिढीच नष्ट होत असावी, असे त्यांचे अनुमान होते. पुढील संशोधनाने या मतास पुष्कळ मुरडी घातल्या. तथापि पहिल्या घासाचे महत्त्व त्याने सर्वांच्या ध्यानी आणून दिले, यात शंका नाही.

हा पहिला घास कोठून आणावयाचा? त्याचे एक उत्तर तर फार जुने होते. मात्र ते मिळाले तेव्हा प्रश्नच कोणी विचारलेला नव्हता. डेल्फ्ट नगरातील आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक याने १६७६ साली मिरे तिखट का लागतात हे शोधण्यासाठी ती पाण्यात भिजत घातली. तिखटपणाचे कोडे सुटले नाही. परंतु त्या पाण्यात त्यास अगणित सूक्ष्म जीव हालचाल करताना दिसले. वनस्पती भिजवलेल्या पाण्यात उपजणाऱ्या अशा जीवांस पुढे इन्फ्युजोरिया हे नाव पडले. मासे पाळणारे लोक आजही वाळके गवत वा पालेभाजीची पाने पाण्यात कुजवून हेच जीव उत्पन्न करतात, आणि त्या पाण्याचे थेंब पिलांस देतात. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालण्याचीही रीत आहे. परंतु तो न हलता तळाशी बसतो आणि पाणी नासवतो. शिशूस जेवू घालण्याच्या भरात त्याचे पाणीच विषारी व्हावे, असा हा प्रकार होय.

दुसरे उत्तर मिठागरांतून आले. आर्टेमिया हा खारट पाण्यातील लहानसा कवचधारी जीव १७५८ साली लिनिअसने वर्गीकरणात नोंदवला होता. त्याची अंडी वाळलेल्या स्थितीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि उबदार खाऱ्या पाण्यात टाकली की दीड दिवसाच्या आत फुटून अर्ध्या मिलिमीटरहून लहान, नारिंगी रंगाची, सतत हलणारी पिले बाहेर पडतात. जणू निसर्गाने डब्यात भरून ठेवलेले जिवंत अन्नच! सॅन फ्रान्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे अधीक्षक आल्विन सील यांनी १९३३ साली माशांचे अन्न म्हणून त्याची उपयुक्तता प्रसिद्ध केली. १९३९ साली नॉर्वेतील गुन्नार रोलेफ्सन यांनी समुद्री माशांच्या पिलांविषयी तसाच अनुभव मांडला. आपल्याकडे सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबईतील वडाळ्याच्या मिठागरांत हा जीव आढळल्याची नोंद १९५३ साली केली.

आता सर्व प्रश्न सुटला असे वाटावे. पण तसे झाले नाही. कित्येक जातींच्या पिलांस आर्टेमियाही मोठाच पडे. त्यांच्यासाठी जपानात १९६० च्या सुमारास ताकाशी इतो यांनी रोटिफर हा त्याहून लहान जीव पुढे आणला. गंमत अशी, की ईल माशांच्या तळ्यांत हाच जीव तोवर उपद्रवी म्हणून गणला जात होता. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. एका ठिकाणच्या आर्टेमियावर पिले पोसत, तर दुसऱ्या ठिकाणच्यावर पोट भरूनही मरत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी आणि बेल्जियन संशोधकांनी याचा उलगडा केला. समुद्री माशांच्या पिलांस अत्यावश्यक अशी ओमेगा-३ वर्गातील काही मेदाम्ले काही ठिकाणच्या आर्टेमियात जवळजवळ नसतातच. म्हणून आर्टेमियाला आधी शेवाळ वा माशाचे तेल खाऊ घालून मग तो पिलांस देण्याची पद्धत रूढ झाली. भक्ष्याचे जेवण हेच अखेर भक्षकाचे जेवण ठरते!

गोड्या पाण्यातील माशांस ही विशिष्ट उणीव तितकी जाचत नाही; पण या इतिहासातील बोध त्यांसही लागू आहे. प्रत्येक नवे अन्न सापडले तेव्हा हेच सर्वस्व असे मानले गेले, आणि प्रत्येक वेळी अनुभवाने त्यात उणे काढले. तेव्हा घरच्या पात्रातही आरंभी इन्फ्युजोरिया, पिले थोडी वाढताच नुकताच फुटलेला आर्टेमिया, आणि पुढे पाणपिसू, डासांच्या कोवळ्या अळ्या व बारीक केलेले वनस्पतिमिश्रित अन्न, असा क्रम व पालट ठेवावा. प्रत्येक नवे अन्न जुने बंद करण्यापूर्वीच सुरू करावे. दिवसातून अनेकदा द्यावे, पण दर वेळी थोडेच. उरलेले काढून टाकावे.

समुद्रात पिलांस आपले अन्न शोधण्याची मोकळीक तरी असते. काचेच्या चार भिंतींत तीही नाही. तेथे जे आपण देऊ तेवढेच त्यांचे जग. म्हणून शोभेसाठी ज्याने त्यांस घरी आणले, त्याच्याकडे त्यांच्या पोटाची जबाबदारी आपोआप येते. ती केवळ मायेने निभत नाही, तिला ज्ञानाची जोड लागते. फ्लोडेविगेनच्या कोट्यवधी पिलांविषयी कोणाच्या मनात आस्था नव्हती असे नाही; उणीव होती ती एका घासाच्या माहितीची.