शोधनिबंध तपासायचा कोणी?
विशेष प्रतिनिधी, नाशिक

विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ फेब्रुवारी २०२५ रोजी एक सूचना काढून 'यूजीसी-केअर' ही शोधपत्रिकांची यादी बंद केली. आपला निबंध कोणत्या पत्रिकेत छापावा, हे प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच ठरवावे. आयोग केवळ मार्गदर्शक निकष देईल, असे त्यात म्हटले होते. या यादीचे काम ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे, त्याच विद्यापीठाशी नाशिकमधील बहुतेक महाविद्यालये संलग्न आहेत. यादी होती तोवर पत्रिकेचे नाव तिच्यात सापडले की प्रश्न मिटत असे. आता पत्रिकेत निबंधाची तपासणी खरोखर होते का, हे पाहण्याची वेळ प्रत्येकावर आली आहे.

या तपासणीला 'पीअर रिव्ह्यू' किंवा समकक्ष परीक्षण म्हणतात. संपादकाकडे आलेला निबंध त्याच विषयाच्या एक-दोन जाणकारांकडे जातो. ते अभिप्राय देतात आणि त्यानुसार निबंध स्वीकारला, सुधारायला परत पाठवला वा नाकारला जातो. बहुतेक ठिकाणी लेखकाला परीक्षकाचे आणि परीक्षकाला लेखकाचे नाव कळू देत नाहीत. ही पद्धत अनादी आहे असा समज असला, तरी 'नेचर'सारख्या नामांकित साप्ताहिकानेही बाहेरच्या तज्ज्ञांचे परीक्षण १९७३ पासूनच सक्तीचे केले.

आपल्याकडे हा विषय ऐरणीवर आला तो गुणांकनामुळे. आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण दिले आणि शुल्क घेऊन काही दिवसांत निबंध छापून देणाऱ्या पत्रिकांचे पेव फुटले. मुखपृष्ठावर ठळक छापलेला आयएसएसएन क्रमांक गुणवत्तेची खूण मानला जाऊ लागला. वास्तविक तो केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे. आयोगाने २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी केली. मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावे काढावी लागली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये पुण्यातील अभ्यासकांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या पत्रिकांपैकी तपासलेल्या ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट असू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे खोट्या पत्रिकांना दार उघडून देणारी विद्यापीठेच होती! 'केअर' यादी २०१९ मध्ये आली ती या पार्श्वभूमीवर.

यादीमुळे बनावट पत्रिका काही प्रमाणात बाजूला पडतात, पण त्यामुळे चांगले परीक्षण होतेच असे नाही. मानव्यविद्यांमध्ये तर परीक्षकाने नेमके काय तपासायचे, हाच मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तम उदाहरण नाशिकजवळच आहे.

जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला, याचा हा भक्कम पुरावा. रेव्हरंड स्कॉट यांनी ही नाणी मोजून, तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेत मांडली. ती मोजणी आजही आधारभूत मानली जाते. परंतु नहपानाचा काळ कोणता? पांडवलेण्यांतील त्याच्या जावयाच्या, उषवदाताच्या, लेखांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे आहेत. ती शककालाची मानली तर इसवी सन ११९ ते १२३ हा काळ येतो. ती नहपानाच्या राजवटीची वर्षे मानणारे अभ्यासक त्याला पहिल्या शतकात नेतात. दोन्ही पक्षांत जाणकार आहेत.

आता समजा, या विषयावरचा नवा निबंध विरुद्ध मताच्या परीक्षकाकडे गेला. नाण्यांची संख्या, लेखाचे वाचन, छायाचित्रे, संदर्भ यांत चूक असेल तर ती दाखवणे हे त्याचे कामच आहे. परंतु 'लेखकाचा काळनिर्णय मला मान्य नाही' एवढ्या कारणावर निबंध नाकारला गेला, तर ते परीक्षण राहत नाही. ती मतांची राखणदारी होते. आजच्या अनेक अभिप्राय-नमुन्यांत या दोन गोष्टी वेगळ्या केलेल्या नसतात. 'मौलिकता', 'भाषा', 'उपयुक्तता' यांपुढे खुणा करायच्या आणि खाली सही, एवढ्यावर काम भागते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. मोडी कागदपत्रे, शिलालेख किंवा संतसाहित्याची हस्तलिखिते यांवर अधिकाराने बोलू शकणारी माणसे थोडी आणि एकमेकांना ओळखणारी. निबंधाच्या दुसऱ्या परिच्छेदातच लेखक कोण, हे परीक्षकाला उमगते. गोपनीयता कागदावर राहते आणि तिच्या आडून मैत्री किंवा जुने वैर निभावण्याची सोय मात्र होते.

यापेक्षा आपली जुनी रीत अधिक मोकळी होती. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात टिपणे सभेत वाचली जात, त्यांवर चर्चा होई आणि मग ती इतिवृत्तांत छापली जात. आक्षेप घेणारा नावानिशी घेई. ती चर्चा अनेकदा कडवट होई हे खरे. पण कोण कशाच्या आधारे बोलतो आहे, ते वाचकाला दिसे. अमेरिकेतील 'शेक्सपिअर क्वार्टरली'ने २०१० मध्ये एका अंकासाठी काही निबंध सर्वांसमोर ठेवून नावानिशी अभिप्राय मागवले, तेव्हा तो नवा प्रयोग म्हणून गाजला. येथील इतिहासप्रेमींना त्यात फारसे नवल वाटू नये.

या अनुभवांतून आपल्या पत्रिकांना काही बदल सहज करता येतील. अभिप्रायाचे दोन भाग करावेत: पुराव्याची तपासणी आणि मतभेद. पहिल्या भागातील दोष दूर झाल्याखेरीज निबंध छापू नये. दुसरा भाग परीक्षकाच्या संमतीने, त्याच्या नावासह, निबंधाखालीच छापावा. मूळ लेखाचे किंवा दस्तऐवजाचे छायाचित्र निबंधासोबत मागावे. परीक्षकाला पडताळणीसाठी ते हवेच. अंजनेरीच्या भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेसारखे केंद्र शहराजवळ असताना नाण्यांवरील निबंध केवळ महाविद्यालयातील सहकाऱ्यांच्या सहीने छापला जाणे समर्थनीय नाही. परीक्षणाचे काम बहुधा विनामूल्य असते आणि सेवेच्या नोंदीतही त्याला फारशी जागा नसते. प्राध्यापकाने लिहिलेल्या निबंधाला गुण आणि दुसऱ्याच्या निबंधावर आठवडाभर घालवलेल्या श्रमाला शून्य, ही विषमता विद्यापीठांनाच दूर करावी लागेल.

पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढून टाकली, त्यामुळे संशोधक विद्यार्थ्यांवरचा दबाव काहीसा उतरला आहे. तरीही निबंध पाठवणाऱ्याने पत्रिकेचे दोन-तीन जुने अंक चाळावेत, संपादक मंडळातील व्यक्तींना आपले नाव तेथे असल्याचे ठाऊक आहे ना, हे विचारून घ्यावे आणि निबंध पाठवल्यावर काय येते ते पाहावे. परीक्षकाच्या शंकांआधी शुल्काची मागणी आली, तर निबंध परत मागवून दुसरीकडे पाठवणे इष्ट.