बर्म्युडातली ऑगस्टची सुट्टी

२००७च्या विश्वचषकात आपल्या रॉबिन उथप्पाचा झेल स्लिपमध्ये एका अगडबंब खेळाडूने झेपावून टिपला होता, आठवते? ड्वेन लेव्हरॉक त्याचे नाव, देश बर्म्युडा. आपण ४१३ धावा केल्या आणि बर्म्युडाला विसरलो. मी मात्र नकाशा काढून बसलो. अटलांटिक महासागरातली ही ब्रिटिश बेटे जेमतेम ५३ चौरस किलोमीटरची, आणि तिथे क्रिकेटचे एवढे वेड!

या वेडाचे मूळ गुलामगिरीत आहे. १ ऑगस्ट १८३४ रोजी तिथले कृष्णवर्णीय गुलाम मुक्त झाले. पण दुकाने, नोकऱ्या, कर्जाचा पैसा मोजक्या गोऱ्या घराण्यांच्या हाती राहिला. मग या लोकांनी परस्पर-साहाय्य मंडळे काढली. दरमहा वर्गणी, त्यातून आजारपणाला मदत, अंत्यविधीचा खर्च. आपल्या भिशीची आठवण व्हावी. मात्र इथे नंबर लागायचा तो अडचणीचा. मुक्तिदिनाला या मंडळांच्या सहली निघत, क्रिकेट रंगे. त्यातूनच १९०२ पासून सेंट जॉर्जेस विरुद्ध सॉमरसेट हा ‘कप मॅच’ सामना सुरू झाला. मालकाने रजा दिली नाही तरी माणसे मैदानावर हजर! अखेर १९४७ साली दोन दिवसांची सुट्टी कायद्यानेच मिळाली.

मत मात्र मिळाले नव्हते. ते जमीनमालकालाच, अनेक परगण्यांत जमीन असेल, तर तितकी मते. चित्रपटगृहांतही वर्णानुसार वेगळ्या जागा. जून १९५९ मध्ये भिंतींवर अचानक पत्रके झळकली : चित्रपटगृहांवर बहिष्कार घाला. पत्रके काढणारा ‘प्रोग्रेसिव्ह ग्रुप’ गुप्त होता. भित्रेपणा म्हणावा का? मला नाही वाटत. एवढ्याशा बेटावर नाव फुटले, तर नोकरी जायची, घराचे कर्ज अडायचे. चित्रपटगृहे ओस पडली. दोनेक आठवड्यांत मालक नमले. हॉटेलांनीही भेदभाव सोडला.

मताचा लढा लांबला. १९६३ साली भूमिहीनांना मत मिळाले, पण जमीनमालकाला एक जादा! ती मखलाशी १९६८ पर्यंत मिटली. त्याच १९६३ मध्ये स्थापन झालेला, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा ‘प्रोग्रेसिव्ह लेबर पार्टी’ हा पक्ष सत्तेवर यायला १९९८ उजाडले.

कप मॅचचा दुसरा दिवस पूर्वी १६०९ साली तिथे जहाज फुटून पोहोचलेल्या जॉर्ज सॉमर्स या इंग्रज दर्यावर्दीच्या नावाने ओळखला जाई. २०२० पासून त्याला मेरी प्रिन्सचे नाव आहे. ती बर्म्युडात गुलाम म्हणून जन्मली, मिठागरात राबली आणि १८३१ साली लंडनमध्ये तिचे आत्मकथन छापले गेले.