ना ‘ए’, ना ‘बी’

पालघर-बोईसरकडे कुणाला कावीळ झाली, की पहिला प्रश्न येतो पाण्याचा. प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. का, ते पाहू.

१९८१ साली कोल्हापुरात काविळीची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. साथ दूषित पाण्यातून पसरली होती. पण विषाणू ‘ए’ नव्हता आणि ‘बी’ही नव्हता. अशा आजाराला तेव्हा ‘ना-ए, ना-बी’ असेच म्हणत.

हे नाव आले होते अमेरिकेतून, आणि तेही वेगळ्या आजारावरून. १९७५ साली हार्वे आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की रक्त घेतल्यावर होणारा यकृतदाह बहुतेकदा ‘ए’ किंवा ‘बी’मुळे होत नाही. म्हणजे एकाच नकारार्थी नावाखाली दोन निराळे आजार होते. पाण्यातून येणारा पुढे ‘ई’ ठरला, रक्तातून येणारा ‘सी’.

‘सी’चा शोध १९८९ साली मायकेल हॉटन, क्यू-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी जाहीर केला. विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली सापडला नव्हता. बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय तुकडे जिवाणूंत वाढवून, त्यांपैकी विषाणूचा तुकडा कोणता हे रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांकरवी ओळखले गेले. त्यावरूनच रक्ताची चाचणी तयार झाली. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातील रक्तपेढ्यांना ही चाचणी सक्तीची झाली ती २००१ साली. मधली बारा वर्षे कमी नव्हेत. अपघात, बाळंतपण, शस्त्रक्रिया, सिकलसेल किंवा थॅलॅसेमिया यांसाठी त्यापूर्वी ज्यांनी रक्त घेतले, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात हा विषाणू आजही असू शकेल. ‘सी’मध्ये बहुधा कावीळ दिसतच नाही, यकृत मात्र वीस-तीस वर्षे हळूहळू निकामी होत राहते.

एकच सिरिंज अनेकांना वापरणे, जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेणे, दुसऱ्याचे ब्लेड वापरणे यांतूनही तो पसरतो. बाधित आईकडून बाळाला होऊ शकतो. एका डब्यात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने होत नाही. म्हणून रुग्णाला वेगळे बसवण्याचे कारण नाही.

‘सी’वर लस नाही, पण आता सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. तेव्हा वर्गात काविळीचा धडा शिकवताना पाण्याबरोबर आणखी एक प्रश्न घरी विचारायला सांगावा: “आपल्याकडे २००१च्या आधी कुणी रक्त घेतले होते का?”