कुक्षीचा हाट आणि लोकमताचा इतिहास

राज्ये कोणी स्थापिली, ती कोणी गमाविली आणि कोणत्या तहाने कोणता परगणा कोणाकडे गेला, हे सांगणारी साधने आपल्याकडे विपुल आहेत. परंतु त्या परगण्यात नांगर धरणाऱ्या माणसाला त्या राज्याविषयी काय वाटत होते, नव्या राज्यकर्त्याची वार्ता त्याच्या कानी कोणत्या वाटेने आली आणि ती ऐकून त्याने आपले वर्तन कसे ठरविले, या प्रश्नांपाशी आपला इतिहास बहुधा मूक होतो. राजकीय वर्तन आणि वार्तासंचार या नावांनी विसाव्या शतकात जे अभ्यासशास्त्र उभे राहिले, त्याने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्या शास्त्राचा आपल्या इतिहासलेखनास काय उपयोग आहे, हे एका लहानशा प्रदेशाच्या आधारे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. तो प्रदेश म्हणजे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील कुक्षी.

कुक्षी हे नर्मदेच्या उत्तरेकडील निमाडातले तालुक्याचे गाव. उत्तरेस बाघची प्राचीन लेणी, दक्षिणेस नर्मदा आणि तिच्या पैलतीरावर बडवानी, पश्चिमेस अलीराजपूरचा डोंगराळ मुलूख. गावात निमाडी आणि हिंदी, भोवतालच्या पाड्यांवर भिली आणि भिलाली, आणि पवारांच्या अमदानीत धारच्या दरबारी मराठी, असा येथील भाषांचा थर आहे. एकाच भूमीवर राज्यकर्त्यांची भाषा एक आणि रयतेच्या चुलीपाशी बोलली जाणारी भाषा दुसरी, ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी ध्यानी ठेवावी, अशी विनंती आहे.

मराठ्यांचा या प्रदेशातील उदय ज्या लढाईने निश्चित झाला ती अमझेऱ्याची लढाई कुक्षीच्या ईशान्येस, फार दूर नव्हे अशा ठिकाणी, २९ नोव्हेंबर १७२८ रोजी झाली. चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. तो आणि दया बहादूर दोघेही पडले. पुढे माळव्यात शिंदे, होळकर आणि पवार यांची सत्ता स्थिरावली आणि धार हे पवारांचे ठाणे झाले. या सत्तेचा प्राण जितका घोडदळात होता तितकाच पत्रव्यवहारात होता. वकिलांची बातमीपत्रे, कारकुनांचे हिशेब, कमाविसदारांच्या वसुलीच्या यादी, जासुदांच्या थैल्या, यांच्या आधाराने पुण्यात बसलेल्या कारभाऱ्याला माळव्याची नाडी समजत असे. मोडी लिपीत लिहिलेल्या या कागदांनी मराठी इतिहाससंशोधनाचा पाया घातला, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे.

तथापि या कागदांची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. वार्ता वर कशी गेली हे ते सांगतात. खाली ती कशी पसरली हे सांगत नाहीत. रयत त्यांत येते ती सारा भरणारी किंवा न भरणारी म्हणून. भिल्ल येतो तो वाट अडविणारा किंवा वाटेचे रक्षण करणारा म्हणून. त्याचे मत विचारावे असे कोणत्याही दप्तराला वाटले नाही, आणि त्यात आश्चर्यही नाही, कारण मत विचारणे हे त्या राज्ययंत्राचे कामच नव्हते. पुढे इंग्रजी अमलात जॉन माल्कमने १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. धारचे का. कृ. लेले यांनी कॅप्टन लुअर्ड यांच्या साहाय्याने परमारांचा इतिहास १९०८ मध्ये सिद्ध केला. दोन्ही कामे मोलाची आहेत. तरी पहिल्यात राज्यकर्त्याची दृष्टी आहे आणि दुसऱ्यात शिलालेख व ताम्रपट यांची साक्ष आहे. ज्याला शिलालेख कोरविता येत नाही आणि ज्याच्याविषयी कोणी खलिता पाठवीत नाही, तो या दोहोंच्या बाहेरच राहतो.

अशा माणसाचा आवाज कागदावर उमटतो तो राज्यकर्ते घाबरले म्हणजे. १८५७ च्या जानेवारीत, उठावाच्या चार महिने आधी, कुक्षीच्या पूर्वेस नर्मदाकाठच्या मंडलेश्वरी गव्हाच्या पोळ्या गावोगाव फिरू लागल्या. एका गावच्या चौकीदाराने पुढच्या गावास त्या द्याव्या आणि त्याने आणखी पुढे पाठवाव्या, असा क्रम होता. निमाडचा इंग्रज अधिकारी कॅप्टन कीटिंग याने या प्रकाराविषयी जे लिहून ठेवले ते अत्यंत बोधप्रद आहे. तो सांगतो की त्या वेळी इंदुरास पटकीची साथ होती आणि मंत्र घातलेल्या या पोळ्यांबरोबर ती रोगराई इंदुराबाहेर निघून जाईल, अशी निमाडच्या लोकांची समजूत होती. गावात देवी आली असता बकऱ्याच्या गळ्यात नारळ बांधून त्याला मांधात्याच्या दिशेने गावोगाव पोहोचविण्याची येथील चालही त्याने नमूद केली आहे.

या पोळ्यांचा आणि पुढील उठावाचा संबंध काय, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, डाकेवाचून व लेखणीवाचून, केवळ हातोहात आणि तोंडोतोंडी चालणारी एक संदेशवाहिनी या मुलखात आधीपासून सिद्ध होती. तिच्यातून रोग घालविण्याचा विधी जसा जाई तशी सत्तेविषयीची शंकाही जाऊ शके. उत्तर हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांनी त्याच पोळीत कट पाहिला. निमाडच्या शेतकऱ्याने तीत उतारा पाहिला. वस्तू एक, अर्थ अनेक. अर्थ ठरतो तो ऐकणाऱ्याच्या घरी, हे तत्त्व पुढे संचारशास्त्राने मोठ्या परिश्रमाने प्रस्थापित केले. त्याचा दाखला नर्मदेच्या काठी असा सहज मिळतो. रणजित गुहा यांनी १९८३ मधील शेतकरी उठावांवरील आपल्या ग्रंथात अफवेला निरक्षर समाजाचे स्वाभाविक संदेशसाधन मानून तिचा जो विचार केला, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

मराठी वाचकांस येथे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून त्याला येऊ घातलेल्या वादळाची वार्ता समजली. हा ग्रंथ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्यातील कित्येक गोष्टी ऐकीव म्हणून संशोधकांनी बाजूस ठेविल्या आहेत. परंतु लोक कशावर विश्वास ठेवीत होते हे जाणावयाचे असेल, तर ऐकीव गोष्ट हाच अस्सल पुरावा ठरतो. तिकडे अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह उठावात सामील झाले आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास त्यांना फाशी देण्यात आले. धारचे संस्थानही काही काळ जप्त होते. १८६० मध्ये ते बैरसिया परगण्यावाचून परत मिळाले. हे निर्णय कागदावर आहेत. ते ऐकून कुक्षीच्या हाटात लोक काय बोलले, ते मात्र कोठेही नाही.

मनुष्याला त्याचे राजकीय मत प्रत्यक्ष विचारावे आणि त्या उत्तरांवरून शास्त्र रचावे, ही कल्पना अमेरिकेत दृढ झाली. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात सहाशे मतदारांचा एक गट निवडून मे ते नोव्हेंबर या काळात त्यांना पुनःपुन्हा भेटी दिल्या. वृत्तपत्रे आणि नभोवाणी मतदारांचे मन फिरवीत असतील, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. आढळले ते असे की, प्रचाराने मत पालटलेले लोक थोडे. पुष्कळांचे मत घरातील माणसे, शेजारी आणि ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी ओळखीची माणसे यांच्या बोलण्यातून घडत होते. छापील वार्ता आधी अशा जाणत्या माणसापर्यंत येते आणि त्याच्या मुखाने इतरांपर्यंत जाते, हा त्यांचा सिद्धान्त १९४४ मध्ये ग्रंथरूपाने पुढे आला.

महाराष्ट्रात या पद्धतीचा कस पाहण्याचे काम पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक व. म. सिरसीकर यांनी केले. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील पुण्याच्या मतदारांचा अभ्यास त्यांनी १९६५ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे ग्रामीण नेतृत्वावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. राज्यघटनेची कलमे आणि पक्षांचे जाहीरनामे यांच्यापुरते राज्यशास्त्र मर्यादित असताना, मतदाराच्या दारात जाऊन त्याला प्रश्न विचारणे ही आपल्याकडे नवी गोष्ट होती. आमच्या मते तिचे महत्त्व संख्याशास्त्रापेक्षाही एका नैतिक गोष्टीत अधिक आहे. सामान्य मनुष्याचे मत हे नोंद करून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे, हे तिने मान्य केले. जे दप्तराने केले नव्हते ते प्रश्नावलीने केले.

हीच प्रश्नावली पुण्याहून कुक्षीस नेली तर काय होईल? १९४८ मध्ये धार संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील रयतेला इतिहासात प्रथमच राज्याविषयीचे मत विचारले गेले. अक्षर न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर चिन्ह लाविले होते. परंतु विचारणाराची भाषा आणि सांगणाराची रीत यांत अंतर पडले की काय होते, त्याचे उदाहरण त्याच निवडणुकीत घडले. अनेक स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. देशातील सुमारे आठ कोटी स्त्रीमतदारांपैकी अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. ज्या थोड्या राज्यांत हे मुख्यतः घडले, त्यांत मध्य भारत होते.

आणि त्याच मध्य भारताच्या पहिल्या विधानसभेत धार जिल्ह्यात जन्मलेली जमुनादेवी ही आदिवासी समाजातील स्त्री निवडून आली. १९६२ मध्ये त्या झाबुआतून लोकसभेवर गेल्या, पुढे अनेक वर्षे कुक्षीचे प्रतिनिधित्व त्यांनी केले, १९९८ मध्ये मध्य प्रदेशाच्या उपमुख्यमंत्री झाल्या आणि २०१० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्या विरोधी पक्षनेत्या होत्या. लोक त्यांना ‘बुआजी’ म्हणत. हे नातेवाचक संबोधन क्षुल्लक मानू नये. ज्याच्या शब्दाला मान आहे अशा माणसाचा जो शोध ईरी परगण्यात लागला, त्याला कुक्षीत आत्याचे नाव मिळाले आहे.

येथील संचाराचे स्थानही नेमके आहे, आणि ते म्हणजे हाट. मीठ, तेल, कापड यांसाठी पाड्यापाड्यांतून माणूस आठवड्यातून एकदा हाटाला उतरतो. सोयरीक, तंटा, भाव आणि राजकारण यांच्या वार्ता एकाच झाडाखाली ऐकतो. आणि संध्याकाळी त्या घेऊन डोंगर चढतो. होळीपूर्वीच्या आठवड्यात हेच हाट भगोरियाचे होतात आणि मांदळ व ढोल घेऊन येणाऱ्या टोळ्यांबरोबर राजकीय पक्षही आपल्या मिरवणुका काढतात. नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी आल्यानेही हाटाचे हे महत्त्व सरलेले नाही.

हाटाचा आणि लोकमताचा हा संबंध किती जिवंत आहे, ते नर्मदेच्या पाण्याने दाखविले. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये झाला आणि सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात कुक्षी तालुक्यातील नदीकाठची गावे आली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील एक मराठी संशोधिका, मेधा पाटकर, या खोऱ्यात आल्या आणि त्यांचा शोधप्रबंध अपुरा राहिला. लोकांना प्रश्न विचारता विचारता त्यांच्या प्रश्नांतच त्या उतरल्या. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये चिखल्दा येथे त्यांनी उपोषण केले. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचला आणि निसरपूरसारखे गजबजलेले बाजारगाव पाण्याखाली गेले. धरणाच्या लाभहानीचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. परंतु गाव उठते तेव्हा घरांचा व शेतांचा पंचनामा होतो. कोण कोणाशी बोलत होते याचा पंचनामा होत नाही. नव्या वसाहतीत भूखंड शेजारी शेजारी मिळाले तरी शेजारी तेच मिळतील असे नाही. वार्तेची जी वाट पिढ्यानुपिढ्या वहिवाटीने तयार झाली होती, ती कोणत्याही नकाशावर नव्हती. म्हणून तिची भरपाईही कोणी मागू शकले नाही.

यातून आमच्या शिक्षकबंधुभगिनींस एकच विनंती करावयाची आहे. मोडी कागदांचा शोध चालू राहिलाच पाहिजे. पण त्या कागदांनी ज्यांना विचारले नाही, त्यांना विचारण्याचे कर्तव्य आता आपल्यावर आहे. पवारांच्या अमदानीत मराठी ही त्या मुलखातील कारभाराची भाषा होती आणि तिने तेथील लोकांची गणना केली. त्यांचे ऐकून घेण्याचे ऋण तिच्यावर अद्याप बाकी आहे. पहिल्या निवडणुकीतील पेटीवरचे चिन्ह ज्यांनी पाहिले, जुन्या निसरपूरचा बाजार ज्यांनी भरताना पाहिला, अशी माणसे आज वृद्ध झाली आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्याने भिली किंवा निमाडी जाणणारा सोबती बरोबर घ्यावा, प्रश्नावली क्षणभर बाजूस ठेवावी आणि नाव विचारण्यापूर्वी नाते विचारावे. १९५२ मध्ये यादीतून गळलेल्या त्या स्त्रियांनी विचारणाऱ्याला हेच सांगितले होते.